चांद्याची नदीकाठची बाग आणि माझा चुकलेला घाट

करमाळ्याहून पहाटेच्या एसटीत बसलो तेव्हा पिशवीत दोन कोऱ्या वह्या, एक मोजपट्टीची गुंडाळी आणि घरून बांधून दिलेली भाकरी-चटणी होती. २००७ सालचा फेब्रुवारी महिना. माणूस देवाला जातो, लग्नाला जातो, दवाखान्यात जातो, हे आमच्याकडे सगळ्यांना समजते. पण मी मुळशी तालुक्यात एका बागेचा इतिहास लिहायला चाललो आहे असे सांगितल्यावर शेजारचे गृहस्थ बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले.

"किती जुनी बाग आहे?" त्यांनी विचारले.

"अजून उद्घाटन व्हायचंय," मी म्हणालो.

ते खिडकीकडे तोंड करून झोपले.

त्यांचे चूक नव्हते. मी एका हायस्कुलात इतिहास शिकवतो. वडील बाजार समितीत हमाली करायचे. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच. माझा एक जुना विद्यार्थी, नितीन, हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत लागला आणि चांदे गावाजवळच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेला. तिथल्या रहिवाशांनी मुळा नदीच्या काठावर स्वतः बाग उभी केली होती. बागेच्या दारात जागेची माहिती देणारा फलक लावायचा ठरला, तेव्हा नितीनने सभेत उठून सांगितले, "आमच्या सरांना बोलवू या." विद्यार्थ्याने एवढ्या वर्षांनी असे म्हणावे, याचा आनंद मी लपवणार नाही. फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा चांगला शर्ट इस्त्रीला दिला.

स्वारगेटहून पौडची गाडी मिळाली. लवळे फाट्यावर उतरा, असे नितीनने दोनदा बजावले होते. पण भूगाव, भुकूम मागे पडले, पिरंगुटचा घाट उतरताना समोर डोंगरांच्या एकामागे एक रांगा दिसू लागल्या आणि करमाळ्याच्या उघड्या माळावर वाढलेला माझ्यासारखा माणूस पाहतच राहिला. फाटा कधी गेला कळले नाही. उतरलो तो पुढे घोटवडे फाट्यावर. तिथे एक टमटमवाला "नदी, नदी" म्हणताच मी बसलो आणि भरे गावात पोहोचलो.

भऱ्याच्या पुलाजवळ एक शेतकरी हरभऱ्याचे घाटे भाजत होता. शेजारच्या बांधावर कारखान्याच्या गणवेशातले दोघे सायकली टेकवून बसले होते.

"चांद्याची नदीकाठची बाग कुठं आहे?" मी विचारले.

"नदी हीच हाय," तो म्हणाला, "पर गाव ह्ये न्हाई. चांदं तिकडं खाली ऱ्हायलं. बसा, हावळा खा (म्हणजे भाजलेला ओला हरभरा). पावनं चुकलं की आमाला बोलायला मिळतं."

नितीनला फोन करून, काळे झालेले हात आणि ओठ घेऊन मी त्याची वाट पाहिली. तो मोटारसायकलवर आला, भर रस्त्यात माझ्या पाया पडला आणि मग त्याला हसू आवरेना. "सर, वर्गात नकाशा भरायला तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला.

नितीनची पत्नी वैशाली लातूरची. तिने इंद्रायणी तांदळाचा भात, पावट्याची उसळ आणि माझ्यासाठी आठवणीने ज्वारीची भाकरी केली होती. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून नदी दिसत होती: संथ, काठाला करंज आणि उंबर, पलीकडे भाताची कापलेली खाचरे. अलीकडच्या उतारावर ती बाग.

संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष चौधरीसाहेब बाग दाखवायला आले. ते मूळचे जळगावकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. मानेला मफलर, हातात काठी आणि प्रत्येक झाडाची वैयक्तिक ओळख.

"आम्ही आलो तेव्हा इथं विटभट्टीचे खड्डे होते," ते सांगू लागले. "माती खणून नेलेली, उरलेल्या खड्ड्यात सगळ्यांचा कचरा. बिल्डरनं कागदावर मोकळी जागा म्हणून दाखवली आणि निघून गेला. पहिल्या रविवारी आम्ही फक्त सहा माणसं होतो, सर. त्यातला एक फोटो काढायलाच आला होता."

रविवारमागून रविवार त्यांनी खड्डे भरले, कचरा उपसला, जांभूळ, कडुनिंब, बकुळ लावली. नोकरीला आलेली ही माणसे: कुणी नांदेडचा, कुणी अमरावतीचा, कुणी कोल्हापूरचा. बाकांवर मी नावे वाचत गेलो. प्रत्येक घराने एक बाक दिला होता आणि त्यावर आई-वडिलांची नावे घातली होती. ज्यांनी ही नदी जन्मात पाहिली नाही अशा म्हाताऱ्या माणसांची नावे या पाण्याकडे तोंड करून बसली होती. मला ती बाग त्याच क्षणी आवडली.

एका कोपऱ्यात गवत फार दाट होते. बाकीच्या हिरवळीने मात्र माळ्याला दमवले होते. "इथं काही न करता येतं," चौधरीसाहेब म्हणाले. "का ते आम्हाला अजून कळलेलं नाही."

पुढे, अगदी पाण्याजवळ, मला ते दगड दिसले.

उभ्या दगडांच्या दोन ओळी होत्या. वर त्यांच्यात बैलगाडी जाईल एवढे अंतर, आणि पाण्याकडे उतरताना त्या जवळ येत जाऊन शेवटी जेमतेम एक माणूस जाईल एवढी फट. दगडांच्या आतल्या बाजू गुडघ्याच्या उंचीला काळ्या, गुळगुळीत, तेल लावल्यासारख्या चकाकत होत्या. बाहेरच्या बाजू खडबडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोजपट्टी घेऊन तिथे दोन तास घालवले, वहीत आकृती काढली आणि दुपारी चौधरीसाहेबांना सांगितले, "हा जुन्या घाटाचा दरवाजा असावा. शेकडो वर्षं माणसांचे, कदाचित घोड्यांचे स्पर्श झाल्याशिवाय दगड असा झिजत नाही." 'असावा' आणि 'कदाचित' हे शब्द मी वापरले होते, हे खरे. पण ते कोणी ऐकले नाहीत, आणि मीही ते जोरात उच्चारले नाहीत.

चौधरीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. "आपल्या बागेत," ते एवढेच म्हणाले. मग लगेच कामाला लागले. दगडांना कोणी हात लावू नये म्हणून भोवती लोखंडी खांब आणि साखळी लावायची. गवंडी उद्याच, रविवारी येईल. नितीन माझ्याकडे असा पाहत होता, जसा दहावीच्या निकालाच्या दिवशी पाहत होता.

रविवारी सकाळी लवकर मी एकटाच नदीवर गेलो. दगडांच्या फटीतून एक म्हातारी बाई लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उतरली होती. हातातली काठी पाण्यात खुपसून ती किती बुडते ते पाहत होती.

"मावशी, तिथं जाऊ नका, ती जुनी वास्तू आहे," मी म्हणालो.

तिने वळून पाहिले. "कोन जुनी? मी?"

तिचे नाव ठकूबाई. चांद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची मेंढरे होती. उद्या मेंढरे धुवायची म्हणून आज ती पाणी बघायला आली होती. आदल्या दिवशी पाणी घरातल्या थोरल्या बाईनेच बघायचे, असा त्यांचा रिवाज. कमरेएवढे हवे, जास्त झाले तर कोकरे घाबरतात, कमी झाले तर लोकरीतली माती निघत नाही.

"हे दगड कुणी लावले?" मी विचारले.

"आमच्या सासऱ्याच्या बानं आन् त्याच्या भावकीनं. मेंढरू पान्याला भितं. मोकळं सोडलं तर माघारी पळतं. वरनं रुंद, खाली चिंचुळं केलं की मागचं फुडच्याला ढकलतंय. एकच बकरं कानाला धरून पान्यात घ्यायचं, बाकीची आपसूक येत्यात."

"आणि ही झीज? हा काळा चकाकणारा भाग?"

"लोकरीचं त्याल हाय त्ये. घासून घासून जातंय." तिने दगडावरून तळवा फिरवला आणि माझ्या नाकापुढे धरला. मेंढीचाच वास होता. काल दोन तास मी तिथे होतो, पण वास घ्यायचे मला सुचले नव्हते.

तिने मला वर त्यांच्या वाड्यावर (मेंढपाळांच्या मुक्कामावर) नेले. तिचा मुलगा मारुती वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, सोडत होता. ठकूबाईने मेंढीच्या दुधाचा चहा केला. इतका दाट की साय ओठाला चिकटली. सोबत बाजरीची शिळी भाकरी. मी माझी शेंगदाण्याची चटणी पुढे केली, तेव्हा तिने चिमूटभर चाखून सांगितले, "तिखट बरं हाय. घरचीला सांगा, लसून कमी पडला."

मग तिने बागेची गोष्ट सांगितली. ती मी वही मिटून ऐकली. पूर्वी ते गावाचे गायरान होते. कातरणीच्या आधी आसपासच्या पाच-सहा घरांची मेंढरे तिथे येऊन बसायची. मेंढरे बसतात तिथे खत पडते. त्या कोपऱ्यातले दाट गवत त्याचेच होते. पुढे विटभट्टी आली, मग इमारती. नदीचा काठ वरपासून खालपर्यंत कुंपणात गेला. मेंढरांना उतरता येईल असा उतार आता हा एकच उरला होता.

"उद्या धुतली की परवा वाळत्यात, तेरवा कातरणारी येत्यात," मारुती म्हणाला. "ती मान्सं गावोगाव फिरत्यात. मळकी लोकर दिसली तर कातर लावत न्हाईत, फुडं निगून जात्यात. मग उन्हाळ्यात हे जनावर अंगावर घोंगडं घिऊन फिरनार."

"खाली मान्सं खांब पुरत्यात म्हनं," ठकूबाई मला म्हणाली. "तुमी शिकल्यालं दिसताय. तुमाला काय म्हाईत हाय का, कशापाई?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

खाली आलो तर चार खड्डे खणून झाले होते. चौधरीसाहेब स्वतः सिमेंट कालवण्यावर लक्ष ठेवत होते. सोसायटीतली पंधरा-वीस माणसे जमली होती आणि नितीन त्यांना सांगत होता, "सरांनी एका नजरेत ओळखलं." मी तोंड उघडले आणि मिटले. दुपारी सांगू, म्हटले. दुपारी वैशालीने माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. संध्याकाळी सांगू, म्हटले. संध्याकाळपर्यंत खांब उभे राहिले आणि साखळी लागली. मी नितीनच्या गॅलरीत बसून ती पाहत होतो. बापाने पाठीवर पोती वाहून ज्याला शिकवले त्या माणसाला एक वाक्य बोलता येत नव्हते. चूक झाली याची लाज होतीच. पण नितीनच्या डोळ्यांतला तो निकालाचा दिवस माझ्याच हाताने पुसायचा, याची भीती जास्त होती.

सोमवारी सकाळी घंटांच्या आवाजाने मी खाली धावलो. बागेच्या फाटकापाशी मेंढरांचा लोंढा थांबला होता. पहारेकरी बिहारचा, भला माणूस. हात आडवे पसरून उभा होता.

"अम्मा, अंदर मना है. साहब लोग ने जंजीर लगाया है."

"तुज्या सायबाला बोलीव," ठकूबाई म्हणाली. "मी हितंच बसती." आणि ती खरोखरच फाटकात मांडी घालून बसली.

फिरायला आलेली माणसे गोळा झाली. चौधरीसाहेब आले, कामावर निघालेला नितीन हेल्मेट हातात घेऊन आला. चौधरीसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, तिथं शिवकालीन घाट सापडलाय. जनावरं आत गेली तर खराब होईल. नदी काय, कुठंही आहे."

"कुटं हाय?" ठकूबाई म्हणाली. "दावा."

तिची नजर फिरत माझ्यावर आली. तिने ओळख दाखवली नाही. तिने दाखवली असती तर बरे झाले असते.

"साहेब," मी म्हणालो, "तो घाट नाही. माझं चुकलं. ते दगड यांच्याच माणसांनी मेंढ्या धुवायला लावलेत. तो चकाकणारा भाग लोकरीच्या तेलाचा आहे. हे मला काल सकाळीच कळलं होतं आणि मी बोललो नाही."

"काल सकाळी?" चौधरीसाहेब म्हणाले. "खांब तर काल संध्याकाळी लागले."

"हो."

नितीनने खाली पाहिले. हेल्मेटचा पट्टा तो बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिला.

चौधरीसाहेब फाटकातून आत गेले. काठी टेकत दगडांपर्यंत गेले, वाकले, आणि मी पाहिले की त्यांनी दगडावर हात फिरवून नाकाशी नेला. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता, पण आवाज वेगळा होता.

"माझ्या आजोबांच्या शेतात मेंढ्या बसवायचे," ते म्हणाले. "हा वास मी परवाच ओळखायला हवा होता. मीही घोडेच हुंगत बसलो." मग पहारेकऱ्याला म्हणाले, "साखळी काढ."

"आणि लेंड्या कोण साफ करणार?" गर्दीतून कोणीतरी विचारले.

"साफ कशाला करता?" मारुती म्हणाला. "त्या वाळल्याल्या हिरवळीवर टाका. पैसं देऊन खत आनता न्हवं?"

त्यावर माळी सगळ्यांत आधी हसला.

मेंढरे आत आली. मारुतीने एक बकरे कानाला धरून पाण्यात ओढले आणि मग खरोखरच सगळी एकामागे एक, फटीतून अंग घासत, धपाधप पाण्यात पडू लागली. पाण्यात माणसे कमी पडत होती. मी चपला काढल्या. इस्त्रीच्या शर्टाची काळजी करायची आता काही गरज नव्हती. पहिल्याच मेंढीने मला खाली पाडले, नाकातोंडात पाणी गेले. उठलो तर शेजारी नितीन उभा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"ऑफिस?" मी विचारले.

"उशीर होईल म्हणून कळवलंय," तो म्हणाला. थोड्या वेळाने मेंढीची पाठ चोळता चोळता म्हणाला, "सर, काल मला एकट्याला तरी सांगायचं होतं."

"तुलाच सांगायची भीती वाटली."

त्याने मान हलवली. एवढ्यावर आमचे ते बोलणे संपले, आणि बरे झाले.

दुपारी समितीची छोटी सभा झाली. दोघातिघांचा विरोध राहिलाच. शेवटी असे ठरले की कातरणीच्या आधी, वर्षातून दोन वेळा, फाटक मेंढरांसाठी उघडायचे. खांब राहू द्यायचे, साखळी काढून ठेवायची. फलकाचा मजकूर मात्र अजूनही मीच लिहावा, असे चौधरीसाहेबांनी सांगितले. मला तो माझ्यावरचा उपकार वाटला.

तो मजकूर घेऊन मी संध्याकाळी वाड्यावर गेलो. ठकूबाईला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले: गायरान, मेंढरे, विटभट्टी, कचरा, रविवारी राबलेली माणसे, त्यांच्या आई-वडिलांची नावे.

"ग्वाड लिवलंय," ती म्हणाली. "पर त्यात आमी व्हतो आसं हाय. आमी हाय आसं कुटं हाय?"

मी वहीकडे पाहिले. खरेच, सगळी वाक्ये 'होते'वर संपत होती.

"पाऊस सरल्यावर एकदा आन् उन्हाळा लागायच्या आदी एकदा मेंढरं येत्यात, आसं लिवा. येत्यात. ह्यो वाचमन उद्या जाईल, दुसरा येईल. तुमी जाल. चौदरी म्हातारा हाय. लिवल्यालं आसलं की मानूस ऐकतो."

मी लिहिले. तिने ते वाक्य तीनदा वाचायला लावले आणि ते कितव्या ओळीत येते, हे विचारून घेतले.

मंगळवारी नितीनने मला लवळे फाट्यावर सोडले. परतीच्या गाडीत अंगाला मेंढ्यांचा वास येत होता. शेजारी कोणी बसले नाही, त्यामुळे पाय पसरून आलो. बाहेर पाहताना मी विचार करत होतो की इतकी वर्षे मी मुलांना दगड दाखवून राजे शिकवले. ज्यांच्या पाठी त्या दगडांना लागल्या त्यांच्याबद्दल मी कधी विचारले नाही. आणि हमालाच्या मुलाने तरी ते विचारायला हवे होते. आता वर्गात मी हा घाटाचा किस्सा दरवर्षी सांगतो. मुले खूप हसतात, विशेषतः मी पाण्यात पडतो तिथे.

नवरात्राच्या सुमारास नितीनचा फोन आला. पावसाळ्यानंतरची कातरणी आली होती. जुना पहारेकरी गावी गेला होता आणि नव्याने मेंढरे फाटकात अडवली. चौधरीसाहेब जळगावला, नितीन कामावर. सांगणारे कोणीच नव्हते. वैशालीने गॅलरीतून पाहिले आणि ती खाली धावली, पण ती पोहोचेपर्यंत तिची गरज उरली नव्हती. ठकूबाई फलकासमोर उभी होती. तिने वरून मोजत काठीचे टोक सातव्या ओळीवर टेकवले होते आणि नव्या पहारेकऱ्याला सांगत होती, "हितं वाच. मोठ्यानं वाच."

तो अडखळत वाचत होता.